मंगळवार-शुक्रवारचे बूट

आमच्या कार्यालयात चांगली खोली मिळवायची असेल तर पळावं लागतं. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. खरोखर पळावं लागतं, बूट घालून, घाम गाळून, तळ्याला एक पूर्ण फेरी मारून.

त्याचं असं झालं. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली आहे. दोन बाजूंना मोठ्या खिडक्या, खाली बाग, बागेपलीकडे तळं. ती खोली आमच्या तक्रार विभागाची, असं आमचं म्हणणं, आणि लेखा विभागाची, असं त्यांचं. फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी एका बैठकीत तेव्हाचे मोठे साहेब वैतागून म्हणाले, "असं करा, दोघांचा एकेक माणूस पळवा. जिंकेल त्याची खोली." साहेब चेष्टेनं म्हणाले होते. पण बैठकीतला शब्द न् शब्द टिपणाऱ्या लघुलेखकाला चेष्टा कळत नव्हती. वाक्य इतिवृत्तात गेलं, इतिवृत्त मंजूर झालं, आणि एकदा मंजूर झालेली गोष्ट आमच्याकडे ब्रह्मदेवालाही रद्द करता येत नाही. तेव्हापासून दर वर्धापनदिनाला ही शर्यत होते आणि दर वर्षी लेखा विभाग जिंकतो.

हरणारे आम्ही तळघरात बसतो. कार्यालय पाणीपुरवठ्याचं. 'नळाला पाणी येत नाही' या लोकांच्या तक्रारी आम्ही भिंतीतून पाणी झिरपणाऱ्या खोलीत बसून वाचतो. उजेड यावा म्हणून छताला लागून एक लांबट झरोका ठेवलाय. त्यातून आवारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं तेवढी दिसतात. त्यामुळे आमच्या विभागाची नजर अशी काही तयार झाली आहे की कोण आलं ते आम्ही बुटांवरून सांगतो आणि स्वारीची तब्येत कशी आहे ते चालीवरून. साहेबांची डावी टाच जोरात आपटली की आम्ही सगळे मान खाली घालून लिहायला लागतो, काही लिहायचं असो वा नसो.

या विभागाच्या मुख्य लिपिक म्हणजे ताई. नोकरीनं, वयानं आणि आवाजानं आमच्यात सगळ्यांत मोठ्या. नोकरीला लागल्या तेव्हापासून त्या याच तळघरात, त्याच झरोक्याखाली. टेबलावरचा दिवा त्यांनी दिवसा कधी बंद केलेला मी पाहिला नाही. यंदा वर्धापनदिनानंतर थोड्याच महिन्यांत त्या निवृत्त होणार होत्या.

गेल्या वर्षी आमच्याकडून मी पळालो होतो. विभागात माझ्याखेरीज पळण्यासारखं कोणी नव्हतं, म्हणजे माझ्यासारखा सकाळी चार पावलं धावणाराही कोणी नव्हता. लेखा विभागाकडून पळतो त्यांचा एक लेखापरीक्षक. लांब पाय, लांब मान, पोट म्हणून नाही. आम्ही त्याला हरीण म्हणतो. गेल्या वर्षी हरणानं मला अगदी थोडक्यात हरवलं आणि वर पाठीवर थाप मारून म्हणालं, "तुमच्या वयाला हे उत्तमच." आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. तळघरात परत आल्यावर ताई रागावल्या नाहीत. नुसता दिवा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मला तसंही वाटलं नव्हतं की मिळेल."

यंदा मी ठरवलं, खोली आणायचीच. आणि त्यासाठी हल्ली पळणारे घालतात ते नवे वेगवान बूट घ्यायचे.

बूट घ्यायचे म्हटल्यावर आमच्या शेजारच्या तात्यांना बोलवावं लागत नाही, ते येतातच. तात्या निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले ते मला आजवर कळलेलं नाही, पण सल्ला देण्यातून झालेले नाहीत एवढं नक्की. उंटावरचा शहाणा ज्याला म्हणतात तो उंटावरून उतरला आणि आमच्या शेजारी राहायला आला.

"एक नंबर लहान घे," तात्या म्हणाले. "बूट घट्ट असला की वेग वाढतो. आणि घेतल्या दिवसापासून रोज पळ. पायाला सवय लागली पाहिजे. पाय म्हणजे काय, चाकर. चाकराला लाडावून चालत नाही."

"तात्या, तुम्ही कधी पळालाय का?" बायकोनं विचारलं.

"पोहणाऱ्याला नदी दिसत नाही, काठावरच्याला दिसते," तात्या म्हणाले. मी ते पाठ करून ठेवलं. बायकोनं नाही.

दुकानात बायको बरोबर आली. मी नको म्हणत होतो, पण ती म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात की दुकानदार म्हणेल ते घेऊन येता." हा आरोप खोटा आहे. मी दुकानदार म्हणेल ते घेत नाही, दुकानदार ज्याचं कौतुक करेल ते घेतो. विक्रेत्यानं माझ्यासमोर तीन जोड मांडले. सगळ्यांचे तळवे पावाच्या जाड तुकड्यासारखे, वजन जवळपास काहीच नाही, आणि तळव्याच्या आत कडक पट्टी. "सर, पाऊल टेकलं की हे बूट तुम्हाला पुढे ढकलतात," तो म्हणाला. आयुष्यात मला पुढे ढकलणारं पहिल्यांदाच कोणी भेटत होतं. मी तिथेच विरघळलो.

पहिला जोड तात्यांच्या सल्ल्यानं एक नंबर लहान मागितला. पाय आत गेला, पण अंगठा तक्रार विभागाकडे तक्रार करू लागला. दुसऱ्याचा तळवा इतका उंच होता की मी दुकानातल्या गल्लीत चार पावलं पळालो आणि पाचव्याला मोज्यांच्या स्टँडला मिठी मारली. मोजे उचलताना बायको म्हणाली, "यांना यांचाच नंबर द्या, पुढे अंगठाभर जागा सोडून. आणि जरा कमी डगमगणारे द्या." तिसरा जोड घातला आणि काय सांगू, बूट पायात आहेत हे विसरायलाच झालं. रंग तेवढा विसरता येण्यासारखा नव्हता. कडक पोपटी.

मी आरशात पोपटी पाय बघत असताना विक्रेता बरंच काही सांगत होता. मला फक्त 'सर' ऐकू आलं. बाकीचं बायकोनं ऐकलं, आणि ते पुढे उपयोगी पडलं.

आता पैसे. बूट महाग. पण कार्यालयात क्रीडानिधी नावाचा एक निधी आहे, आणि विभागाच्या वतीनं पळायचं तर बूट विभागानं द्यावेत असं ताईंनीच सुचवलं. अर्ज केला. अर्ज कुठून मंजूर होतो? लेखा विभागातून. म्हणजे कोणते बूट, कुठल्या दुकानातले, कसले, हे सगळं आम्ही आमच्या सहीनिशी शत्रूच्या टेबलावर नेऊन ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हरणानं अर्ज मंजूर केला. मनाचा मोठेपणा दाखवला असं मला वाटलं. मग खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली. 'कार्यालयीन निधीतून घेतलेले साहित्य भांडारात जमा करून नियमानुसार वापरावे.'

आणि त्याच संध्याकाळी हरणानं स्वतःच्या खिशातून तसाच जोड घेतला. पोपटीच.

आमच्या भांडारात बाई बसतात. भांडारबाई. स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांच्या टेबलाच्या पलीकडे गेलेली वस्तू आणि यमाच्या दारी गेलेला जीव, दोन्ही परत येताना सही लागते. क्रीडासाहित्यात त्यांच्याकडे याआधी एकच वस्तू होती, बुद्धिबळाचा संच. त्यामुळे क्रीडासाहित्याचा नियम म्हणजे बुद्धिबळाचा नियम. मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. घेताना आणि देताना मोहरे मोजून.

"बाई, हे बूट आहेत," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

"बुटांना बुद्धिबळाचा नियम कसा लावता?"

"मग कुठला लावू? बुटांचा नियम असेल तर आणा, लावते." त्यांनी माझ्यासमोर छापील कागद सरकवला. त्यावर 'मोहरे: पूर्ण / अपूर्ण' असं होतं. बाईंनी बूट उलटेपालटे करून मोजले. लेस दोन, आतले तळ दोन, बूट दोन. 'पूर्ण'वर खूण केली. "अर्ध्या तासात परत. प्यादं जरी हरवलं तरी संच अपूर्ण धरला जातो."

मी साहेबांकडे अर्ज केला की बूट रोज मिळावेत. उत्तर आलं, बुद्धिबळाच्या संचाबाबत असा पायंडा नाही. दुसरा अर्ज केला की निदान सुट्टीच्या दिवशी घरी नेऊ द्यावेत. तो विचाराधीन आहे. अजूनही आहे.

पहिल्या मंगळवारी बूट घातले आणि भांडाराच्या दारातूनच सुटलो. बुटांनी ढकललं. त्यांनी ढकलायचं आणि मी थांबायचं, असा आमचा समजुतीचा करार अजून झाला नव्हता. बोळाच्या टोकाला साहेबांची केबिन आहे. दार उघडं होतं, म्हणून दाराचं नुकसान झालं नाही. साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आमच्याकडे शिस्त आहे." मी टेबलाची कड धरून थांबलो आणि म्हणालो, "साहेब, काही टपाल आहे का?" साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि फोन न ठेवता हातानंच मला हाकललं.

मग तळ्याकडे थोडं पळून आलो. थोडंच, कारण अर्ध्या तासातला काही वेळ लेस बांधण्यात, काही साहेबांच्या केबिनीत आणि काही मोहरे मोजण्यात गेला होता. पण त्या थोड्याशा पळण्यात जो वारा कानाला लागला, तो मला आवडला. मी मनात खोलीतल्या खुर्च्या मांडूनसुद्धा टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि दोन्ही पोटऱ्यांनी संप पुकारला. जिना सरळ उतरता येईना, मी उलटा उतरू लागलो. खालून तात्या वर येत होते. त्यांनी पाठमोरा मी खाली येताना पाहिला आणि विचारलं, "वर चाललायस का खाली?"

"खाली," मी म्हणालो.

"मग तोंड तिकडे का? काही नाही, आज पुन्हा पळ. काट्यानं काटा काढायचा."

मी पळालो असतो. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी पुन्हा तेच बूट चढवून पळालोच असतो, कारण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि माझे तर गुडघेही पुढे सरसावलेले. पण बूट भांडारात, भांडाराला कुलूप, आणि वार बुधवार. मी बाईंच्या नावानं बोटं मोडत जुन्या बुटांवर हळूहळू एक चक्कर मारून आलो.

संध्याकाळी बायकोनं पोटऱ्यांना तेल लावता लावता विचारलं, "दुकानातला मुलगा काय म्हणाला होता आठवतंय का?"

"सर म्हणाला होता."

"तो म्हणाला होता, हे बूट पोटरीकडून जास्त काम करून घेतात. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदाच, तेही थोडं थोडं. मधल्या दिवशी जुने बूट. दुखलं तर थांबायचं. तुम्ही आरशात बघत होतात."

"दोनदाच?"

"दोनदाच. तुमच्या भांडारबाई म्हणतात तेवढंच." ती हसायला लागली. "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. बरं झालं कुलूप आहे ते."

मला ते पटलं नाही. म्हणजे पटलं, पण पटलं असं म्हणायला जीभ धजावली नाही. तिनं मला आणखी एक काम लावलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या. आमच्याकडे डाळ जरा उशिराच शिजते, त्यामुळे माझ्या पोटऱ्या चांगल्या तयार झाल्या.

इकडे तात्या माझ्यावर नाराज झाले. रोज पळत नाही म्हणजे काय? शिष्य हातचा गेला म्हटल्यावर त्यांनी दुसरा शोधला. सकाळी तळ्यावर त्यांना एक उंच, लांब मानेचा गृहस्थ दिसला, पायात पोपटी बूट. तात्यांनी त्याला थांबवून सांगितलं, "रोज पळ. लाडावू नकोस." हरणाला असा गुरू आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. ते पडलं हिशेबी माणूस. बूट घेतलेत तर रोज वापरून पैसे वसूल झाले पाहिजेत, हे त्याला आपसूकच पटलं.

हे मला तात्यांनीच ऐकवलं, आणि त्याचा परिणाम आम्हाला झरोक्यातून दिसत होता. रोज सकाळी, रोज दुपारी आणि कधीकधी संध्याकाळीसुद्धा ते पोपटी बूट आमच्या डोक्यावरून धपधप जात. आणि आमचे पोपटी बूट भांडारात बुद्धिबळाशेजारी झोपलेले. मी टेबलावर बसून पाय आपटायचो. एका सोमवारी तर मी ठरवलं की भांडारबाई पाणी प्यायला गेल्या की बूट उचलायचे. दारापर्यंत गेलोही. पण बाई पाणी टेबलावरच पितात.

परत आलो तेव्हा ताई झरोक्याकडे बघत होत्या. "कुठे गेला होतात?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी चोऱ्या करू नका हो. आहे त्यात होईल तेवढं पळा. झालंच तर मला एकदा खिडकीतून ते तळं बघायचंय. नाही झालं तर नाही. पण तुमचा पाय मोडून मला खिडकी नको."

त्यांनी हे फाइल चाळता चाळता सांगितलं, वर न बघता. मग त्यांनी झरोक्याकडे बोट केलं. "आणि तुमच्या हरणाकडे बघा जरा. उजवी टाच टेकवत नाहीये. गेल्या आठवड्यात टेकवत होता."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पोपटी बूट जात होते, पण धपधप नव्हे, धप-टप, धप-टप. खरं सांगतो, मला आनंद झाला. आणि मग वाईटही वाटलं, कारण तो सल्ला माझ्याच शेजाऱ्याचा होता. मी त्याच दुपारी वर जाऊन हरणाला म्हणालो, "चार दिवस जुने बूट घाल. दुखतंय तुला."

हरीण म्हणालं, "घाबरलात वाटतं?"

मी खाली आलो. ज्याला स्वतःहून खड्ड्यात जायचंय त्याला आपण दोर दाखवला एवढं पुण्य पुरे.

हरीण मात्र पोटरी दुखत असली तरी डोक्यानं चालत होतं. वर्धापनदिनाच्या आधी लेखा विभागाचं एक परिपत्रक आलं. 'भांडारातील साहित्य विहित वेळेनंतर परत आल्यास त्या वापरातून मिळालेला लाभ ग्राह्य धरू नये.' म्हणजे सरळ मराठीत, मी शर्यत जिंकली, पण बूट अर्ध्या तासात बाईंच्या टेबलावर पोचले नाहीत, तर जिंकणं रद्द. वर्धापनदिन आला होता नेमका शुक्रवारी, त्यामुळे बूट मिळणार होते. पण अर्धाच तास.

त्या दिवशी तळघर रिकामं झालं. सगळा विभाग फाटकाशी उभा. ताई पुढे, त्यांच्या शेजारी बायको, आणि दोन्ही बाजूंना सल्ला देता यावा म्हणून मधोमध तात्या. मी भांडारातून बूट घेतले, बाईंनी घड्याळ बघून वेळ लिहिली, मी लेस दुहेरी बांधली आणि धावत फाटकाशी आलो. आता साहेबांनी शिट्टी फुंकायची आणि आम्ही सुटायचं.

साहेबांनी शिट्टी फुंकली नाही. साहेबांनी खिशातून भाषण काढलं.

पाणी म्हणजे जीवन इथून ते सुरू झालं. माझ्या पायात अर्ध्या तासाचे बूट आणि साहेब जीवनावर. मग पाइपलाइन, मग कार्यालयाची वाटचाल, मग वाटचालीतले अडथळे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी हरीण हात बांधून शांत उभं होतं, त्याचे बूट स्वतःचे. साहेब अडथळ्यांतल्या तिसऱ्या अडथळ्यावर असताना मागून ताईंचा आवाज आला. मुख्य लिपिकाचा तो आवाज तळघरातून तिसऱ्या मजल्यावर जातो, फाटकातून साहेबांपर्यंत जायला त्याला काय कष्ट. "साहेब, शिट्टी." साहेबांनी दचकून शिट्टी फुंकली.

हरीण बाणासारखं सुटलं. मी सुटलो नाही, मी निघालो. एवढ्या मंगळवारांत आणि शुक्रवारांत मला आणि बुटांना एकमेकांचा स्वभाव कळला होता. ते कधी ढकलणार, मी कधी पाऊल टेकायचं, हे आता न बोलता ठरत होतं. तळ्याच्या पहिल्या वळणावर हरीण बरंच पुढे होतं. दुसऱ्या वळणावर थोडं पुढे. तळ्याच्या पलीकडच्या काठावर ते बाकाला धरून उभं होतं, एक पाय वर घेऊन, आणि चेहरा असा की विरोधकालाही दया यावी.

मी वेग कमी केला. "पोटरी?"

"जा तुम्ही," हरीण दातओठ खाऊन म्हणालं. "तुमचा वेळ चाललाय."

शत्रू झाला तरी नियमाचा पक्का. मी पुढे गेलो. आता पुढे कोणी नव्हतं. मोकळा रस्ता, मोकळं तळं, वारा. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, आणि अभिमान वाटायला लागला की माझा वेग कमी होतो. माळ्याला हात केला, बदकांकडे बघितलं, साहेबांच्या हातून किल्ली घेताना चेहरा कसा ठेवायचा याचा विचार केला.

आणि मागून आवाज आला. पट-पट-पट-पट.

इतकी वर्षं पावलांखाली बसून माझे कान काही उगाच तयार झालेले नाहीत. हा बुटांचा आवाज नव्हता, अनवाणी पायांचा होता. हरणानं ते बूट बाकाखाली फेकले होते आणि ते उघड्या पायांनी, लंगडत का होईना, पण पळत होतं. शाबास रे गड्या, असं मनात आलं. मी बदकांना सोडलं. फाटक दिसत होतं. ताई दिसत होत्या, दोन्ही हात गालांवर. मागचा आवाज जवळ येत होता. मी बुटांना म्हणालो, आता ढकला. आणि त्यांनी ढकललं. कुकरच्या सगळ्या शिट्ट्या, सगळे मंगळवार, सगळे शुक्रवार त्या शेवटच्या तुकड्यात एकदम कामाला आले. पोटऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. मी फीत तोडली तेव्हा हरीण माझ्यामागे हात लांब केला तर लागेल एवढंच होतं, पण मागे होतं.

आणि मी थांबलोच नाही.

लोक टाळ्या वाजवायला पुढे आले, मी त्यांच्यामधून गेलो. साहेब हात पुढे करून उभे होते, मी त्यांना वळसा घातला. "अरे शर्यत संपली, याला कोणीतरी सांगा," तात्या ओरडले. मी फाटकातून आवारात, आवारातून दारात, दारातून बोळात. मागोमाग सगळा विभाग, त्यामागे साहेब, त्यामागे लंगडत हरीण, कारण ते परिपत्रक त्याचंच होतं. भांडारबाई टेबलावर घड्याळ समोर ठेवून बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि लेस सोडायला लागलो. दुहेरी गाठ सुटेना. बायको गर्दीतून पुढे आली, खाली बसली आणि तिनं दोन्ही गाठी अशा सोडल्या की पुन्हा तिच्याशी वाद घालताना मला हे आठवलं पाहिजे.

बूट टेबलावर गेले.

"लेस दोन," बाई म्हणाल्या. सगळा बोळ त्यांच्याबरोबर मोजत होता. "आतले तळ दोन. बूट दोन." त्यांनी सावकाश घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घाम बाजूला गाळा, कागद भिजतोय." मग 'पूर्ण'वर खूण केली आणि वेळ लिहिली. "वेळेत आहे."

त्यानंतर जो आवाज झाला तो तळघरातल्या माणसांचा होता, पण तळघरातला नव्हता. तात्यांनी मला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं की हा आपल्याच सल्ल्यानं जिंकला. हरणानं ते ऐकलं. मग हरणानं तात्यांकडे जे पाहिलं, त्या नजरेसाठी मी आणखी एक शर्यत पळायला तयार आहे. किल्ली घ्यायला मी अनवाणी उभा होतो, कारण साधे बूट पुन्हा चढवायचं मला भानच नव्हतं. शेजारी हरीणही अनवाणी. त्यानं हात पुढे केला. "पळालात चांगलं," ते म्हणालं. वयाचं काही बोललं नाही. मी म्हणालो, "पोटरीला तेल लाव आणि थोडे दिवस गप्प बस. मग मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याबरोबर ये." त्यानं नाही म्हटलं नाही.

सोमवारी आम्ही वर गेलो. खोलीत आल्यावर आमचे सगळे खिडकीशी गोळा झाले आणि थोड्या वेळानं आमच्या लक्षात आलं की खालून जाणारं एकही माणूस आम्हाला ओळखू येत नाही. वरून नुसती डोकी दिसत होती, आणि डोक्यांचा आम्हाला काही अभ्यास नव्हता. साहेब येऊन दारात उभे राहिले तेव्हा निम्मा विभाग खिडकीतून लोंबकळत होता.

ताई मात्र त्या गर्दीत नव्हत्या. त्यांनी आपलं टेबल थेट पूर्वेच्या खिडकीसमोर लावून घेतलं होतं आणि तळ्याकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. दिवा त्यांनी आणलाच नव्हता. सकाळचं ऊन सरळ तोंडावर येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळंच काही उन्हामुळे नव्हतं, हे मला दिसत होतं आणि मी दिसत नाही असं दाखवत होतो.

"ताई, ऊन फार येतंय," मी म्हणालो. "भांडारातून पडदा मागवू का?"

त्यांनी पर्समधून काळा चष्मा काढला, नाकावर नीट बसवला आणि पहिली तक्रार पुढे ओढली.

"खबरदार पडद्याला हात लावाल तर," त्या म्हणाल्या. "मला माझं ऊन रोज पाहिजे. मंगळवार-शुक्रवार नाही."